तळटीप : चेक व्हॉल्व्ह
* चेक व्हॉल्व्ह : १९६६पासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या अनेक अमेरिकी गाड्यांत पंपाने एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडत, म्हणजे न जळलेले पेट्रोल तिथेच जळे. ही एकमार्गी झडप मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या धातूच्या नळीच्या तोंडाशी असते. व्ही-८ इंजिनात बहुधा दोन्ही बाजूंना एकेक. गरम धूर उलटा फिरू न देणे हे तिचे काम. पंपाकडचा रबरी पाइप करपलेला दिसला, तर पहिला संशय हिचाच घ्यावा. लेखकाने ती बदलण्याची कृती एका वाक्यात उरकली आहे, पण नुकसान तिथेच होते. इंजिन थंड होऊ द्यावे, आट्यांत गंज सोडवणारे तेल मुरू द्यावे आणि एका पान्याने नळी घट्ट धरूनच दुसऱ्याने झडप फिरवावी. नाहीतर गंजलेली नळी पिळवटून तुटते. — संपादक