चष्म्याचा नंबर, लेसर आणि तांबडी माती

कोल्हापूरच्या पंचक्रोशीला डोळ्यांची शस्त्रक्रिया नवी नाही. डॉ. विल्यम वान्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय उघडले, तेव्हापासून मोतीबिंदू काढून घेण्यासाठी दूरदूरच्या खेड्यांतून रुग्ण तेथे येऊ लागले. मात्र ती शस्त्रक्रिया गेलेली दृष्टी परत मिळवण्यासाठी होती. चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी केली जाणारी लेसर शस्त्रक्रिया मुळातच वेगळी आहे, कारण तिथे डोळा निरोगी असतो आणि चष्म्याने काम भागत असते. म्हणूनच डोळ्याला कमीत कमी इजा कशी होईल, हा प्रश्न तिच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो.

डोळ्याच्या दर्शनी भागावरील काचेसारख्या पारदर्शक पडद्याला पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते आणि प्रकाशकिरण वळवण्याचे बहुतांश काम त्याची वक्रता करते. ही वक्रता बदलण्याचे प्रयत्न आधी पात्यानेच झाले. कोलंबियातील होसे बाराकेर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास पारपटलाचा पातळ काप काढून त्याला नवा आकार देण्याची कल्पना मांडली, तर रशियातील स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी 1970 च्या दशकात चाकाच्या आऱ्यांप्रमाणे छेद घेण्याची पद्धत रूढ केली. परंतु ते खोल छेद पारपटलाला कायमचे दुबळे करीत. 1981 मध्ये अमेरिकेतील आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी यांना असे आढळले की 193 नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर लेसर आजूबाजूचा भाग न भाजता ऊतीचा अतिसूक्ष्म थर उडवून देतो. स्टीफन ट्रोकेल यांनी त्याचा पारपटलासाठी उपयोग सुचवला, आणि 1988 मध्ये मार्गरिट मॅक्डोनाल्ड यांनी दिसणाऱ्या डोळ्यावर पहिल्यांदा 'पीआरके' केली. या पद्धतीत पारपटलावरची नाजूक त्वचा बाजूला करून लेसर थेट पृष्ठभागावर चालवला जातो. ती त्वचा पुन्हा येईपर्यंत काही दिवस डोळा दुखतो आणि नजर सावकाश स्थिरावते.

हे दुखणे टाळण्यासाठी क्रीट बेटावरील आयोआनिस पालिकारिस यांनी 1990 च्या सुमारास 'लॅसिक' पुढे आणली. तिच्यात पारपटलाची एक पातळ चकती एका बाजूला जोडलेली ठेवून उचलली जाते, आतील भागावर लेसर चालवला जातो आणि चकती परत बसवली जाते. दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसू लागत असल्याने ती जगभर झपाट्याने पसरली. पुढे चकती कापण्याचे काम पात्याऐवजी अतिसूक्ष्म काळाचे स्पंद सोडणाऱ्या फेमटोसेकंद लेसरकडे आले, आणि त्यातूनच 'स्माइल' निघाली, जिच्यात आतल्या आत भिंगासारखा तुकडा कापून तो काही मिलिमीटरच्या फटीतून बाहेर ओढला जातो.

हा क्रम प्रगतीचा म्हणून सांगितला जातो, परंतु कोल्हापुरात त्याची कसोटी तालमीत लागते. राजर्षी शाहू महाराजांनी 1912 मध्ये उभारलेल्या खासबाग मैदानापासून गंगावेस, मोतीबाग यांसारख्या तालमींपर्यंत, मल्ल ज्या तांबड्या मातीत उतरतो तिच्यात तेल, ताक, हळद आणि लिंबू मिसळलेले असते. तो ती अंगाला चोळतो, प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर टाकतो, आणि गर्दनखेच करताना तिचे कण डोळ्यांत जातात. चष्मा लावून कुस्ती होत नाही, आणि मातीत कॉन्टॅक्ट लेन्स वापरणे संसर्गाला आमंत्रण देणारे आहे. अशा मल्लाच्या दृष्टीने लॅसिकची चकती हाच कच्चा दुवा ठरतो, कारण ती पूर्वीच्या ताकदीने कधीच सांधली जात नाही आणि बोट किंवा कोपर लागून ती वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. म्हणून जी पीआरके लॅसिकमुळे जुनी ठरली असे मानले गेले, तीच अंगझटीचे खेळ खेळणाऱ्यांना आजही सुचवली जाते. स्माइलमध्येही चकती नसते, पण दूरदृष्टिदोषासाठी तिचा अनुभव बराच अलीकडचा आहे.

अर्थात पीआरकेनंतरही त्वचा पूर्ण भरून नजर स्थिर होईपर्यंत मल्लाला आखाड्याबाहेर थांबावे लागते. आणि पारपटल पातळ असेल किंवा नंबर अजून वाढत असेल, तर कोणत्याही पद्धतीने डोळ्याला हात लावू नये.