भिंत, प्रत आणि ठसा

रोमच्या दंतकथेतला म्यूशियस स्किव्होला शत्रूच्या छावणीत पकडला जातो आणि न डगमगता उजवा हात आगीत धरतो. सोळाव्या शतकात पोलिदोरो दा काराव्हाज्जो यांनी असे वीरप्रसंग रोममधल्या वाड्यांच्या दर्शनी भिंतींवर रंगवले. ऊनपावसात त्यांतले बहुतेक नाहीसे झाले. आज त्यांचा शोध घ्यायचा तो मुख्यतः कागदावर, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांत.

खानदेशच्या उंबरठ्यावर अजिंठ्याच्या लेण्यांतल्या भित्तिचित्रांची कथा याच वळणाची आहे. सर्वस्व देऊन टाकणारा विश्वंतर, जहाज फुटूनही तरलेला आणि पुढे राज्य सोडणारा महाजनक हे इथले नायक. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल यांची या चित्रांच्या तैलरंगी प्रती करण्यासाठी नेमणूक झाली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्यांच्या प्रती १८६६ च्या आगीत जळाल्या. सुदैवाने श्रीमती स्पीअर यांच्या प्राचीन भारतावरील १८५६ च्या ग्रंथात, जॉर्ज शार्फ यांच्या रेखाटनांवरून कोरलेल्या लाकडी ठशांच्या रूपाने, काही प्रतींची छोटी रूपे उरली. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांसह नव्याने प्रती केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ च्या आगीत गेल्या. तरी ग्रिफिथ्स यांचे अजिंठ्यावरील दोन खंड १८९६-९७ मध्ये निघाले.

म्हणून छापील चित्राला नुसती नक्कल समजून बाजूला सारू नये. तो एका कलावंताने केलेला मूळ चित्राचा अर्थ असतो. लाकडी ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच यंत्रावर चढतो, त्यामुळे चित्र मजकुराच्या शेजारी येते. पण रंग जातो आणि छायेच्या जागी बारीक रेघा येतात. रेखाटन आधीच उलटे केले नसेल, तर डावे-उजवेही बदलते. नवख्या अभ्यासकाने आधी एवढेच विचारावे: हे कशावरून काढले, कोणी कोरले, आणि नायकाचा कोणता हात वर आहे?

या प्रश्नांसाठी कलाशाळेची पदवी लागत नाही. लंडनच्या अभ्यासकाला ठसा सहज मिळतो, भिंत मिळत नाही. जळगावच्या वाचकाला मात्र सकाळच्या गाडीने निघून सतराव्या लेण्यातला विश्वंतर पाहून संध्याकाळी घरी परतता येते. या विषयात त्याने संकोचाने नव्हे, हक्काने यावे.