परिसरीय रक्तवाहिन्यांच्या इजा : शस्त्रक्रिया

हातापायांतील रोहिण्या (धमन्या) व नीला (शिरा) अपघातात कापल्या, चिरडल्या किंवा ताणून फाटल्या असता रक्तस्राव थांबवून रक्तपुरवठा पूर्ववत करणारी शस्त्रक्रिया. रक्तावाचून स्नायू साधारण ६ तास तग धरतात. त्यानंतर अवयव वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते.

कारणे : पिंपळगाव बसवंत (जि. नाशिक) हे मुंबई–आग्रा महामार्गावरचे द्राक्ष-टोमॅटोचे बाजारगाव. अशा भागात वाहनांचे अपघात, कडबाकुट्टी, रोटाव्हेटर यांमुळे या इजांचा धोका असतो. गुडघा निखळल्यास त्यामागची रोहिणी आतून फाटू शकते. बाहेर मात्र रक्ताचा थेंबही दिसत नाही.

निदान : उसळते रक्त, वाढत जाणारी सूज, जखमेच्या पुढे न लागणारी नाडी, गार, पांढुरका व बधिर पाय ही ठळक लक्षणे दिसली की तपासण्यांत वेळ न दवडता शस्त्रक्रिया करतात. शंका असल्यास घोट्याचा व दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात, गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आल्यास सीटी अँजिओग्राफी करतात.

पद्धती : प्रथम इजेच्या वरची व खालची रोहिणी चिमट्यांनी रोखतात. फुगा असलेल्या फॉगर्टी नळीने आतील गुठळ्या ओढून काढतात, चिरडलेला भाग छाटतात आणि टोके ताण न येता जुळत असल्यास केसासारख्या बारीक धाग्याने शिवतात. अंतर जास्त असल्यास दुसऱ्या पायाची वरवरची नीला काढून जोडतात. तिच्या झडपांनी प्रवाह अडू नये म्हणून ती उलटी बसवतात. हाडही मोडले असल्यास तात्पुरत्या नळीतून रक्त सुरू ठेवून आधी हाड बसवता येते. रक्त परतल्यावर स्नायू सुजतात. ते आवळले जाऊ नयेत म्हणून गरजेप्रमाणे त्यांवरील आवरण चिरून मोकळे करतात.

इतिहास : सुश्रुतसंहितेत रक्त थांबवण्याचे संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय आहेत. फ्रेंच शल्यचिकित्सक आलेक्सी कारेल यांनी १९०२ मध्ये तीन आधारटाक्यांवर वाहिनी शिवण्याची रीत मांडली. १९१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही दुसऱ्या महायुद्धात रोहिणी बांधून टाकण्याचाच प्रघात होता व तसे उपचार झालेल्या अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे निम्म्यांचा अवयव कापावा लागला. कोरियन युद्धात वाहिन्या शिवू लागल्यावर हे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आले.

प्रथमोपचार : जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. तरीही रक्त न थांबल्यास जखमेच्या वर रुंद पट्टा आवळावा. दोरी वा तार वापरू नये. स्नायू तग धरण्याचे सहा तास इजेच्या क्षणापासून मोजायचे असतात. पिंपळगावहून सुमारे ३० किमी.वरील नाशिकला जखमीला नेताना इजेची व पट्टा बांधल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावी.