कापूस इथला, नक्षी कुणाची?

डिझाइनमध्ये मास्टर्स करावं का, आणि करायचं तर कुठे, हे तुमच्यापैकी अनेकांनी गूगलला विचारलं असणार. मीही विचारलं. उत्तरात याद्या येतात: पहिली दहा कॉलेजं, फी, पॅकेज. ही कॉलेजं मुळात कुणाला आणि कशासाठी काढावीशी वाटली, ते मात्र कुठल्याच यादीत नसतं. मला नेमकं तेच हवं होतं. माझ्याकडे अमरावतीची इंजिनिअरिंगची डिग्री आहे, पुण्यात तीन वर्षं ॲपचे स्क्रीन आखायची नोकरी आहे आणि मूर्तिजापुरात एक मामा आहे. मामा विचारतो, "चित्रं काढाले दोन वर्सं कायले पाह्यजेत? अन् तेही लोन काढून?"

वऱ्हाडीत विचारला म्हणून प्रश्न हलका होत नाही. मला तो इतिहासात घेऊन गेला, आणि तो इतिहास चक्क आमच्या स्टेशनापाशी सुरू होतो.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. इथल्या कापसावर त्यांचा डोळा होताच. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस सोन्यासारखा वाटू लागला. त्याच दशकात भुसावळहून रूळ पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोचले. मूर्तिजापूर या मुख्य मार्गावर आलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथून यवतमाळ आणि अचलपूरकडे नॅरोगेजचे दोन फाटे निघाले. तीच आपली शकुंतला. लोक तिच्यावर प्रेमाने लिहितात, मलाही ती आवडते. पण ती प्रवाशांच्या सोयीसाठी आखलेली नव्हती. गावोगावचा कापूस मोठ्या लाइनीवर आणून टाकायचा, एवढं तिचं डिझाइन होतं. आणि ते उत्तम होतं!

आता याच वर्षांत दुसरीकडे काय चाललं होतं ते बघा. १८५७ मध्ये जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाखाच्या देणगीतून मुंबईत जे.जे. कलाशाळा उभी राहिली. आणि १८६६ मध्ये लंडनला फोर्ब्स वॉटसन नावाच्या गृहस्थांनी हिंदी कापडाच्या नमुन्यांचे १८ खंड तयार केले. त्यांत कापडाचे ७०० खरेखुरे तुकडे चिकटवलेले होते. लुगडी, पागोटी, धोतरं: इथले लोक काय नेसतात, काठ कसा असतो, लांबी किती, सगळं त्यात होतं. अशा संचांतले बहुतेक ब्रिटनच्या कापड-शहरांत ठेवले गेले. हेतू असा की तिकडच्या गिरणीवाल्याने ते उघडावेत, बघावेत आणि इथे खपेल असा माल काढावा. आज ज्याला आपण 'यूजर रिसर्च' म्हणतो तेच हे, आणि फार बारकाईने केलेलं. कापूस इथून गेला, नक्षीही इथूनच गेली. परत आलं ते कापड, आणि त्याचे पैसे आपण मोजले.

डिझाइन म्हणजे सजावट, असं मानणाऱ्यांना हे १८ खंड दाखवले पाहिजेत. माल कुणाचा यापेक्षा आखणी कुणाची याला जास्त भाव मिळतो, हे मँचेस्टरला दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं. मामाच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग माझ्यापुरता इथे सुटला.

'कुठे' हा भाग अवघड. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं सरकारच्या बोलावण्यावरून भारतभर फिरलं आणि त्यांनी एक छोटासा अहवाल दिला. भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांना सर्वात सुंदर वाटला तो लोटा. तो किती पाणी धरतो, हातात-कमरेवर कसा बसतो, ओतताना तोल कसा राहतो, असे प्रश्न त्यांनी त्या लोट्याला विचारले. हे वाचताना मला आमच्या तालुक्यातलं दापुरे आठवलं. तिथे मामाच्या घरी वाढलेला डेबूजी पुढे हातातल्या मातीच्या गाडग्यामुळे गाडगेबाबा झाला. जेवायला तेच आणि डोक्यावरही तेच. ईम्स येण्याच्या दोनच वर्षं आधी बाबा गेले. त्यांची गाठ पडली असती तर अहवालात आणखी एक परिच्छेद वाढला असता, असं उगाच वाटतं.

त्या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी उभी राहिली. गंमत म्हणजे या संस्थेने अर्धशतकभर पदवी दिलीच नाही, डिप्लोमा दिला. २०१४ च्या कायद्याने तिला पदवी देण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे आपण ज्या 'एम.डेस.' या अक्षरांसाठी झुरतो, ती एनआयडीच्या कित्येक नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या नावापुढे नाहीतच.

माझं मन सर्वात जास्त रमलं ते सुधाकर नाडकर्णींच्या प्रवासात. जे.जे.तून शिकलेला हा मराठी माणूस साठच्या दशकात जर्मनीत उल्मला गेला. उल्मची डिझाइन शाळा साधी नव्हती. हान्स आणि सोफी शोल या भावंडांना नाझींविरुद्ध पत्रकं वाटल्याबद्दल १९४३ मध्ये मृत्युदंड दिला गेला. त्यांच्या बहिणीने, इंगेने, त्यांच्या स्मरणार्थ जी धडपड केली त्यातून ही शाळा निघाली. रोज वापरायच्या वस्तू नीट, प्रामाणिक असल्या तर समाजही तसा घडेल, ही तिच्यामागची श्रद्धा. १९५३ मध्ये तिथे शिकवणं सुरू झालं आणि १९६८ मध्ये, पैसे आणि राजकारण यांच्या कात्रीत सापडून, ती बंद पडली. जेमतेम पंधरा वर्षं.

नाडकर्णी तोवर परतले होते. आधी एनआयडीत शिकवलं, मग १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचं केंद्र उभं राहिलं त्यात ते पायाचा दगड होते. हेच आजचं आयडीसी. पुढे गुवाहाटीच्या आयआयटीतला डिझाइन विभागही त्यांनीच घडवला. ज्या शाळेत शिकले ती बुडाली, पण तिचा अभ्यासक्रम पवईला आणि तिथून ब्रह्मपुत्रेकाठी पोचला. 'टॉप टेन' याद्यांचा माझ्यावरचा प्रभाव इथे बराच ओसरला.

आणि याच्या नेमकं उलट उदाहरण र. कृ. जोशींचं. जे.जे.त उपयोजित कला शिकले, वर्षानुवर्षं उल्का या जाहिरात संस्थेत काम केलं आणि १९८३ पासून आयडीसीत शिकवू लागले. विंडोजवरचा 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. सेतू केंद्रातून काढलेला दाखला कुणी कधी डिझाइन म्हणून बघत नाही. मी आता बघते.

तर माझ्यापुढे आज काय आहे? परदेश एक. उल्म ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १५०० युरो फी आहे, राहण्याचा खर्च वेगळा. त्यासाठी शेत गहाण टाकावं लागेल. बाबा नाही म्हणणार नाहीत, आणि तीच खरी अडचण आहे. पुण्या-मुंबईतली खासगी कॉलेजं दोन. तिथली फी ऐकूनच आई गप्प झाली. तिसरी वाट सीड परीक्षेची, जी आयआयटी मुंबई घेते. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला चालते, वयाची अट नाही. पहिला भाग कॉम्प्युटरवर, दुसरा कागदावर हाताने काढायचा. नागपूरला सेंटर आहे. एनआयडीची परीक्षा वेगळी.

मी सीडचा फॉर्म भरलाय. पवई किंवा गुवाहाटी मिळालं तर जाईन. नाही मिळालं तर नोकरी करत पुढच्या वर्षी पुन्हा बसेन, पण कर्ज काढून तिसरीकडे जाणार नाही. हे बाबांना सांगून झालंय.

पुढे मुलाखतीला पोर्टफोलिओ लागेल. त्यात ॲपचे स्क्रीन आहेतच, पण पहिल्या पानासाठी मी दुसरंच काही घेतलंय: कापूस विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती पडणारी पावती. गेल्या हंगामातल्या सात पावत्या गोळा केल्या. वजन, भाव, हमाली, तोलाई, हाती आलेली रक्कम. सातही वेगळ्या, आणि शेवटचा आकडा प्रत्येकीत वेगळ्याच कोपऱ्यात. दोनांवर तो कार्बनच्या डागाखाली आहे. सध्या मी लोकांना पावती हातात देते आणि तो आकडा शोधायला किती वेळ लागतो ते मोजते.