संरक्षण आदेशाचा भंग (कौटुंबिक हिंसाचार)

संरक्षण आदेशाचा भंग हा भारतातील कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्याच्या कलम ३१ खालील फौजदारी गुन्हा आहे. न्यायदंडाधिकाऱ्याने दिलेला संरक्षण आदेश किंवा अंतरिम संरक्षण आदेश सामनेवाल्याने मोडल्यास त्याला एक वर्षापर्यंत कारावास, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम ३२ नुसार हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला.

या कायद्याची रचना समजून घेतल्याशिवाय कलम ३१ चे महत्त्व ध्यानात येत नाही. कलम १२ खालील अर्जाचे स्वरूप मुख्यतः दिवाणी आहे. त्यात पीडित स्त्री संरक्षण, निवास, आर्थिक साहाय्य, मुलांचा ताबा वा नुकसानभरपाई मागते; पतीला शिक्षा व्हावी अशी मागणी त्यात नसते. आदेश झाला तरी सामनेवाला आरोपी ठरत नाही. तो आदेश मोडतो तेव्हाच प्रकरण फौजदारी वळण घेते.

आदेशाचे स्वरूप

कलम १८ खालील आदेशाने सामनेवाल्यास हिंसाचार करण्यास वा त्यास साहाय्य करण्यास, पीडितेच्या कामाच्या ठिकाणी किंवा मुलाच्या शाळेत जाण्यास, तिच्याशी समक्ष, पत्राने वा दूरध्वनीने संपर्क साधण्यास, स्त्रीधनाची किंवा सामाईक मालमत्तेची विल्हेवाट लावण्यास आणि तिला आधार देणाऱ्या नातेवाइकांना त्रास देण्यास मनाई करता येते. त्यामुळे मारहाण न करता केवळ वारंवार फोन करणे हाही भंग ठरू शकतो. तातडीच्या प्रसंगी कलम २३ नुसार शपथपत्राच्या आधारे एकतर्फी आदेश देता येतो व त्याचा भंगही तितकाच शिक्षापात्र आहे.

पीडिता स्वतः तो रद्द करण्यासाठी अर्ज करीपर्यंत संरक्षण आदेश अमलात राहतो. परिस्थिती बदलली असल्यास कोणत्याही पक्षाच्या अर्जावरून न्यायदंडाधिकारी त्यात फेरफार करू शकतो. गावातील बैठकीत समेट झाला म्हणून आदेश आपोआप संपत नाही, ही बाब दोन्ही घरांना अनेकदा ठाऊक नसते.

भंगानंतरची कार्यवाही

कायद्याखालील २००६ च्या नियमांतील नियम १५ नुसार पीडिता भंगाची लेखी माहिती संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकते. तो ती आदेशाच्या प्रतीसह न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवतो. तिने थेट पोलिसांकडे वा न्यायालयात जाण्यासही आडकाठी नाही. आदेशाच्या अंमलबजावणीस सामनेवाल्याने किंवा त्याच्या वतीने अन्य कोणी केलेला विरोध हाही भंगच मानला जातो. कलम २४ नुसार आदेशाची प्रत पक्षकारांना आणि संबंधित पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला विनामूल्य द्यावी लागते. त्यामुळे आदेशाची माहितीच नाही, असे ठाण्याने म्हणण्यास फारसा वाव उरत नाही.

खटला शक्यतो मूळ आदेश देणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यासमोरच चालतो. कलम ३२ (२) नुसार केवळ पीडितेच्या साक्षीवरूनही न्यायालय गुन्हा घडल्याच्या निष्कर्षास येऊ शकते. बंद दाराआडच्या घटनांना साक्षीदार क्वचितच असतात, हे या तरतुदीमागचे उघड कारण आहे. वस्तुस्थितीवरून क्रूरतेचा गुन्हा (पूर्वीचे भारतीय दंड संहिता कलम ४९८-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता कलम ८५ व ८६) किंवा हुंड्याचा गुन्हा दिसत असल्यास त्याचाही दोषारोप ठेवता येतो. जामीन देताना पीडितेशी संपर्क न साधणे, तिच्या निवासापासून दूर राहणे, मद्यपान न करणे अशा अटी घालता येतात.

गुन्हा अजामीनपात्र असला तरी अटक अपरिहार्य नसते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत कारणे नोंदवल्याशिवाय अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात सांगितलेले सूत्र येथेही लागू होते. गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत एक वर्ष आहे. ही मर्यादा कलम १२ खालील मूळ अर्जाला लागू नाही, ती आदेशभंगाच्या गुन्ह्यापुरती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये स्पष्ट केले.

पोटगी न भरणे

सर्वाधिक वाद येथे आहे. कलम ३१ मध्ये ‘संरक्षण आदेश’ एवढाच शब्द असल्याने कलम २० खालील आर्थिक साहाय्याची रक्कम न भरणे हा या कलमाखालील गुन्हा नाही, असे केरळसह काही उच्च न्यायालयांनी म्हटले आहे. अशा थकबाकीसाठी वसुलीचा मार्ग घ्यावा लागतो. कलम २० (६) नुसार मालकाला पगारातून रक्कम थेट पीडितेला देण्याचा वा न्यायालयात भरण्याचा आदेशही देता येतो. पगारपत्रक नसलेल्या मजुराच्या बाबतीत हा उपाय दुबळा ठरतो.

जावळी तालुक्यातील संदर्भ

सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्यालय मेढा हे वेण्णा नदीकाठचे गाव आहे. तेथे पोलीस ठाणे व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशावरील अपील कलम २९ नुसार तीस दिवसांत सातारा येथील सत्र न्यायालयात करता येते.

या तालुक्यातील अनेक कुटुंबांतील पुरुष माथाडी व अन्य कामांसाठी मुंबई-नवी मुंबईत असतात. त्यामुळे कलम २७ येथे विशेष उपयोगी पडते. पीडिता जेथे कायम वा तात्पुरती राहते तेथील न्यायालयास अधिकार असल्याने मुंबईत नांदणारी स्त्री माहेरी आल्यावर मेढ्यात अर्ज करू शकते आणि तेथील आदेश देशभर अमलात आणता येतो. दारूची दुकाने मतदानाने बंद पाडणाऱ्या महिलांच्या ‘आडवी बाटली’ चळवळीसाठीही तालुका ओळखला जातो. जामिनाच्या मद्यपानबंदीच्या अटीला येथे निराळा अर्थ येतो.

स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. संकटसमयी ११२ व महिलांसाठी १८१ हे दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत. आपले कर्तव्य पुरेशा कारणाविना न बजावणाऱ्या आणि त्याबाबतचे न्यायदंडाधिकाऱ्याचे निर्देश नाकारणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यासही कलम ३३ मध्ये तितकीच, म्हणजे एक वर्षापर्यंत कारावासाची वा वीस हजार रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा सांगितली आहे. मात्र त्यासाठी राज्य शासनाची पूर्वमंजुरी लागते.