खाज हातावर, कारण मानेत

खाज म्हणजे काय? १६६० साली जर्मन वैद्य सॅम्युएल हाफेनरेफर यांनी उत्तर दिले: खाजवावेसे वाटायला लावणारी नकोशी संवेदना. ही व्याख्या आजही वापरात आहे. त्वचेत दोष असलाच पाहिजे, असे तिच्यात कुठेही म्हटलेले नाही.

तरी खाज सुटली की आपण आधी कातडी पाहतो. खरूज, गजकर्ण, डासाचा चावा. कारण बहुधा तिथेच सापडते. सापडले नाही तर?

१९६८ साली अमेरिकेतील फ्लॉरिडात त्वचारोगतज्ज्ञ वैसमन यांनी असे रुग्ण नोंदवले. कोपराजवळ तीव्र खाज, तीही उन्हाळ्यात. उघड्या हातांवर ऊन पडते, म्हणून दोष उन्हाला गेला. हा निष्कर्ष अपुरा ठरला. १९८३ साली हाइल यांनी मानेकडे लक्ष वेधले. मानेच्या मणक्यांमधून निघणाऱ्या पाचव्या-सहाव्या चेता हाताच्या याच पट्ट्यातील संवेदना वाहून नेतात. घंटेच्या तारेत बिघाड झाला, तर दारात कोणी नसतानाही घंटा वाजते. तसेच चेता मानेत दाबली गेली, तरी मेंदूला खाज हातावरच वाटते. ऊन हा त्रास चेतवते, एवढेच.

पण खाजेला स्वतःची अशी 'तार' असते का? खाज म्हणजे सौम्य वेदनाच, असे अनेक शास्त्रज्ञ मानत. मॉर्फिनने वेदना शमते, खाज मात्र कधीकधी सुरू होते. हे त्या मताशी जुळत नव्हते. १९९७ साली श्मेल्त्स व सहकाऱ्यांनी माणसाच्या पायातील चेतेत बारीक सुईसारखे इलेक्ट्रोड घालून एकेका तंतूचे संदेश टिपले. त्वचेत हिस्टामीन सोडल्यावर, खाज टिकेल तोवर संदेश पाठवणारे तंतू त्यांना सापडले. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर!

आता डॉक्टर काय पाहतात? खाज ठरावीक पट्ट्यातच आहे का? मूळ पुरळ नसून फक्त ओरखडे आहेत का? हिस्टामीनरोधक गोळ्या निरुपयोगी ठरल्या का? बर्फाची पिशवी ठेवताच आराम पडून, ती काढल्यावर खाज परतते का? बर्फाची ही खूण २००५ साली नोंदली गेली. गरज पडल्यास मानेचा एमआरआय काढतात.

पुरळ दिसत नाही, म्हणजे खाज 'मनाची' आहे, असे ऐकून घेणाऱ्या रुग्णांना या शोधाचे मोल अधिक कळेल. वर्गात चेतासंस्था शिकवताना विद्यार्थ्यांना जरूर विचारा: दुखणे जिथे जाणवते, बिघाड तिथेच असतो का?