मार्माइटची बरणी आणि परळच्या बायका

‘आपल्याकडचं खाणं इथे मिळतं का?’ हा प्रश्न परदेशी आलेल्या मराठी माणसाला कोणी शिकवावा लागत नाही. आपल्या मंडळात नवीन कुटुंब आलं, की धड नावंगावं विचारून व्हायच्या आधीच गोडा मसाला कुठे मिळतो, थालीपिठाची भाजणी विमानतळावर अडवतात का, याची चौकशी सुरू होते. पण ऑकलंडमध्ये वीसेक वर्षं काढल्यावर माझ्या ध्यानात आलं, की या देशात हाच प्रश्न आपल्या कितीतरी आधीपासून इंग्रज विचारत आले आहेत. त्यांच्यासाठी इथे खास दुकानं आहेत. तिथे कस्टर्ड पावडर, गोल्डन सिरप, बेक्ड बीन्स, पुडिंगचे डबे आणि चहाची खोकी ओळीने मांडलेली असतात. पिशवी भरून बाहेर पडणाऱ्या आजी-आजोबांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अगदी ओळखीचा वाटतो. भारतीय दुकानात मेतकुटाचं पाकीट सापडलं की आपलाही चेहरा तसाच होतो!

या दुकानांतला माल नीट पाहिला तर एक गंमत दिसते. त्यात हाताने केलेलं, ताजं असं फारसं काही नसतंच. सगळं डब्यात, बरणीत नाहीतर पाकिटात बंद. यॉर्कशायर पुडिंग जहाजातून पाठवता येत नाही, पण डबा पाठवता येतो. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात कारखाने वाढले आणि त्याच शतकात तिथली माणसं जगभर पांगली. त्यामुळे त्यांच्या आठवणीतलं ‘घरचं खाणं’ बरंचसं कारखान्यातूनच आलेलं आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी चालत नसत, म्हणून त्यांनी १८३७ साली बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली. आपल्या आयांनी फ्रूट सॅलडसाठी वापरलेली कस्टर्ड पावडर ही तिचीच भावंडं. बेक्ड बीन्स तर मुळात अमेरिकेतून आले. १८८६ साली लंडनच्या एका उंची दुकानात ते परदेशी पदार्थ म्हणून विकायला ठेवले होते. आज त्यांच्याइतकं ‘ब्रिटिश’ दुसरं काही नाही. म्हणजे पदार्थ कुठे जन्मला याला महत्त्व नाही, तो आपल्या लहानपणी ताटात होता की नाही, याला आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त कुतूहल आहे ते मार्माइटचं. आपल्या मुलांना ते ठाऊक आहे. इथल्या शाळेत डब्यात मार्माइटचं सँडविच नेणारी मुलं पुष्कळ असतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळपट, चिकट, खारट आणि उग्र वासाचा हा लगदा टोस्टवर लोण्याबरोबर अगदी पातळ फासून खातात. आमच्या शेजारी यॉर्कशायरहून साठच्या दशकात आलेल्या एक वयस्कर बाई राहतात. ताप आला, मन उदास झालं, नातवंडं परत गेली, की त्यांचा उपाय एकच: चहा आणि मार्माइट टोस्ट. आपल्याकडे मऊ भात, मेतकूट आणि तूप, तसंच ते.

पण त्यांची तक्रार अशी, की इथल्या दुकानात मिळतं ते ‘खरं’ मार्माइट नव्हेच. आणि त्यात तथ्य आहे. सॅनिटेरियम या कंपनीने १९०८ साली न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात मार्माइट विकण्याचे हक्क मिळवले. पुढे तिने स्वतःचं मार्माइट बनवायला सुरुवात केली. त्यात साखर आणि कॅरॅमल असतं, त्यामुळे ते चवीला वेगळं, किंचित गोडसर लागतं. नाव इथे त्या कंपनीकडे असल्याने इंग्लंडहून येणारं मूळ मार्माइट बरीच वर्षं इथे ‘अवर मेट’ असं दुसरंच नाव लावून विकलं गेलं. न्याहारीच्या वीटाबिक्सचीही तीच कथा. इथल्या ‘वीट-बिक्स’शी नाव जुळतं म्हणून २०१७ साली ख्राइस्टचर्चच्या एका दुकानाने मागवलेली ब्रिटिश वीटाबिक्सची खोकी कस्टम्सने अडवली आणि ते भांडण २०१८ साली हायकोर्टात गेलं. डेन्मार्कमध्ये तर जीवनसत्त्वं घातलेले पदार्थ विकायला सरकारी परवानगी लागते, त्या नियमात २०११ साली मार्माइट अडकलं आणि इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी केवढा गहजब केला!

इथल्या मार्माइटवर मात्र खरंच संकट आलं. ख्राइस्टचर्चच्या भूकंपात कारखान्याच्या इमारतीला इजा झाली, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये तो बंद करावा लागला. मार्च २०१२ मध्ये दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या. लोकांनी त्याला ‘मार्मागेडन’ असं नाव दिलं, बरण्या चढ्या भावाने लिलावात निघाल्या, आणि मार्च २०१३ मध्ये माल परत आला तेव्हा ती बातमी झाली. तेव्हा मी ऑफिसात हसलो होतो. पण कोकणातून येणारी आमसुलं एक वर्ष बंद झाली तर आमच्या घरी काय होईल, हा विचार मनात आला आणि हसू आवरलं.

आता या बरणीचा जन्म पाहू. बिअर बनवताना खाली यीस्टचा गाळ उरतो. हा गाळ आटवून त्याचा खाण्याजोगा अर्क करता येतो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवलं. १९०२ साली इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट या बिअरच्या गावात मार्माइटची कंपनी निघाली. मद्याच्या कारखान्याचा टाकाऊ गाळ हाच कच्चा माल! ‘मार्माइट’ हा मूळचा फ्रेंच शब्द, अर्थ झाकणाचं मोठं पातेलं. त्या पातेल्याचं चित्र बरणीवर असतं. मांसाच्या अर्काला स्वस्त पर्याय, एवढीच तेव्हा त्याची ओळख होती.

त्याची किंमत कळली ती युद्धात. डिसेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा इथे तुर्कांनी जनरल टाउनशेंड यांच्या फौजेला वेढा घातला. ही फौज म्हणजे सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली, तोवर उपासमारीने सगळे खंगले होते. पण गोऱ्या आणि हिंदी सैनिकांचे आजार वेगवेगळे होते. पांढरा पाव आणि डब्यातलं मांस खाणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी झाला. कोंड्यासकट आटा आणि डाळ खाणारे आपले लोक त्यातून बरेचसे वाचले, पण ताजी भाजी नसल्याने त्यांना स्कर्व्हीने गाठलं. गोऱ्यांच्या पावात आटा आणि सातूचं पीठ मिसळू लागले, तसा त्यांचा बेरीबेरी ओसरला. जीवनसत्त्वांची कल्पना तेव्हा नवीन होती. ‘व्हिटॅमिन’ हा शब्दच १९१२ चा. यीस्टच्या अर्कात बेरीबेरी हटवणारं ‘ब’ जीवनसत्त्व भरपूर असतं हे ध्यानात आल्यावर सैन्यासाठी मार्माइट जाऊ लागलं. बिअरच्या गाळाला औषधाची प्रतिष्ठा मिळाली.

आणि मग ही बरणी आपल्या परळला आली.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत दाखल झाल्या. गरोदरपणात बायकांना होणारा एक भयंकर पंडुरोग, ज्यात रक्त पाण्यासारखं होऊन बाई दगावत असे, त्याचा शोध घेण्याचं काम त्यांच्याकडे होतं. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी ते सुरू केलं. आजूबाजूला गिरणगाव. रुग्णांत गिरणीत काम करणाऱ्या बायका होत्या, गरीब मुस्लिम वस्त्यांतल्या बायका होत्या. विल्स यांनी नुसतं रक्त तपासलं नाही. या बायका काय खातात, कशा राहतात, याची पाहणी केली. १९३० साली छापलेल्या त्या पाहणीवर त्यांच्या नावाशेजारी तळपदे हे नाव आहे. आधीच्या एका निबंधावर मेहता हे नाव आहे. पाहणीतून दिसलं ते आपल्याला अपरिचित नाही: पोटात जाणारं अन्न मुळात थोडं, त्यात भाजीपाला आणि फळं नावापुरती.

उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग झाले. तेव्हा अशा पंडुरोगावर यकृत किंवा त्याचा अर्क देत, पण तो महाग. विल्स यांनी स्वस्तातलं मार्माइट देऊन पाहिलं, आणि खाटेला खिळलेल्या बायका उठून बसू लागल्या. १९३१ साली हे त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. मार्माइटमधला नेमका कोणता घटक काम करतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढण्यात आलं आणि त्याला फॉलिक ॲसिड असं नाव मिळालं. विल्स यांच्या रुग्णांना बरं करणारं ते हेच जीवनसत्त्व होतं.

हा काळही लक्षात घ्यावा. १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांना बाळंतपणाचा भत्ता मिळावा, या विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर बोलले होते, आणि १९२९ साली तो कायदा झाला. गिरणीतल्या बाईचं बाळंतपण हा घरातल्या चार भिंतींतला विषय राहिला नव्हता.

माझी पणजी लालबागच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. तिची धाकटी जाऊ पोटुशी असतानाच गेली. कशाने गेली, असं मी लहानपणी आजीला विचारलं होतं. ‘पांढरीफटक पडली होती रे,’ एवढंच आजी म्हणाली. त्यापलीकडे घरात कोणाला काही माहीत नव्हतं. तिला विल्स यांनी वाचवायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. ती त्यांच्या येण्याच्या आधी गेली की नंतर, हेही आता सांगता यायचं नाही. पण ‘पांढरीफटक’ या एका शब्दामागे केवढं मोठं दुखणं होतं, हे मला विल्स यांच्याविषयी वाचताना कळलं.

१९९१ साली एका मोठ्या चाचणीतून सिद्ध झालं, की गरोदरपणाच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर बाळाच्या मज्जारज्जूतले जन्मजात दोष मोठ्या प्रमाणावर टळतात. म्हणूनच आपल्या लेकीसुनांना डॉक्टर ती छोटी गोळी लिहून देतात. आणि न्यूझीलंडमध्ये ऑगस्ट २०२३ पासून पावाच्या पिठात, सेंद्रिय पीठ सोडून, फॉलिक ॲसिड मिसळणं सक्तीचं झालं आहे.

आमच्या शेजारीणबाईंना मी ही सगळी हकीकत सांगितली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मला वाटायचं, हे फक्त आमचं आहे.” मी म्हटलं, “तुमचंच आहे, पण त्यात आमच्या परळच्या बायकांचाही थोडा वाटा आहे.”

डॉ. विल्स १९६४ साली वारल्या. त्यांचं नाव वैद्यकाच्या इतिहासात राहिलं, आणि ते योग्यच झालं. ज्यांच्या रक्तावर आणि ज्यांच्या ताटातल्या तुटपुंज्या अन्नावर हा शोध उभा राहिला, त्या बायकांची नावं मात्र कुणाला ठाऊक नाहीत. आपल्या मुलांना मार्माइट आवडो न आवडो. उद्या सकाळी त्यांच्यासाठी टोस्ट भाजताना एवढी गोष्ट त्यांना जरूर सांगा.